म्युनिकला डिपॉझिट पाठवायचंय, आजच. मदत हवी आहे

निघालोएकदाचा: नमस्कार. पुण्याहून म्युनिकला डिपॉझिटचे ९६० युरो पाठवायचे आहेत. बँक म्हणते तीन-चार दिवस लागतील, घरमालकाला उद्यापर्यंत हवेत. लवकर पोचतील असा मार्ग कोणता? प्लीज, ‘आधी जुने धागे वाचा’ नको. सगळे वाचून झालेत.

कोथरूडकाका: बँकेतूनच स्विफ्टने पाठवा. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरा, पॅन लागेल. १० लाखांच्या आत आहे म्हणजे टीसीएसची, म्हणजे पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या कराची, भानगड नाही. मुलीला कॅनडात पाठवतो तेव्हा मी स्वतः शाखेत जाऊन बसतो, मॅनेजर उठून काम करतो.

इसारकाठ: थांबा जरा. घर कुठल्या भागात? कुणी पाहिलंय? भाडं किती?

निघालोएकदाचा: घर मिळालंय हो. प्रश्न फक्त पैशांचा आहे.

ताकभात: शिकायला चाललायस की नोकरीला?

निघालोएकदाचा: मास्टर्स. २४ सप्टेंबरचं विमान. आता कुणी उत्तर देणार का?

इसारकाठ: देतो. भाडं सांग.

निघालोएकदाचा: ४८०, वीज-हीटिंग धरून. श्वाबिंगमध्ये एक खोली, स्वतंत्र स्वयंपाकघर, बाल्कनी, फर्निचरसकट. मालक कामासाठी लंडनला असतात. पैसे जमा झाले की चावी कुरिअरने पाठवणार. सज्जन माणूस आहे, स्वतःहून पासपोर्टची कॉपी पाठवली.

इसारकाठ: एक सेंटही पाठवू नकोस. श्वाबिंगमध्ये चौघांत राहूनही नुसत्या खोलीला साडेसातशे-आठशे जातात. ४८० मध्ये अख्खं घर आणि बाल्कनी? परदेशातला मालक आणि कुरिअरने चावी हा इथला नेहमीचा डाव आहे. तो पासपोर्ट आधी फसलेल्या कुणाचा तरी असणार. तू तुझा पाठवलास का?

निघालोएकदाचा: ...हो.

कोथरूडकाका: मग स्विफ्ट नकोच.

निघालोएकदाचा: सहा आठवडे रोज वीस-वीस मेसेज टाकतोय. उत्तर देणारा हा पहिला माणूस. सगळेच चोर नसतात ना? आईबाबांना सांगून झालंय की घर मिळालं.

जुनाजर्मन: आम्ही १९९७ साली श्टुटगार्टला मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीच्या, फळ्यावरच्या चिठ्ठ्यांचे फोन नंबर फाडून घ्यायचो. दोन दिवसांत खोली. आताच्या मुलांना सगळं मोबाइलवर हवं. सरळ विद्यार्थी वसतिगृह घ्या, स्वस्त आणि मस्त.

गार्शिंगवाली: काका, वसतिगृहात माझा नंबर लागला तेव्हा मी थीसिस लिहीत होते. अर्ज आजच टाकायचा, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. वेगे शोध, म्हणजे चारजणांत एक घर. कॅम्पस कुठला? शहरातला की गार्शिंगचा?

निघालोएकदाचा: गार्शिंग. हे आधी सांगायला हवं होतं का?

गार्शिंगवाली: अर्थात! मग श्वाबिंगचा हट्ट कशाला? गार्शिंगला जाणारी यू-६ मेट्रो जिथे जिथे थांबते तिथे बघ.

जुनाजर्मन: वेगेत चौघांचा एक फ्रिज. शाकाहारी मुलाचे हाल होतात.

गार्शिंगवाली: तो शाकाहारी आहे हे कुणी सांगितलं? मी तीन वर्षं राहिले, फ्रिजच्या एकाच कप्प्यात माझं ताक आणि दुसरीचं सलामी सॉसेज. कुणी मेलं नाही. फक्त फोडणी देताना खिडकी उघडायची.

ताकभात: कुकर न्यावा का पण? शिट्टीला शेजारी पोलीस बोलावतात असं ऐकलंय.

मावशी_सांगलीची: बाळा, जाकीट तिथेच घे, इथलं त्या थंडीत कामाचं नाही. गोडा मसाला मात्र इथून ने.

इसारकाठ: मसाल्याचं नंतर बघू. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतो तेव्हा. घर न दाखवता सगळे पैसे उद्याच मागणाऱ्यापासून लांब राहा. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठव, संध्याकाळी मी श्वाबिंगला जातोच आहे.

कोथरूडकाका: पहिले काही दिवस हॉटेलात राहा.

इसारकाठ: काका, २४ सप्टेंबरला इथे ऑक्टोबरफेस्ट चालू असतो. साध्या हॉस्टेलच्या पलंगाचेही दर ऐकवत नाहीत. त्यापेक्षा आउग्सबुर्गला उतर, लोकल गाडीने तासाच्या आत म्युनिक, डॉइचलांडटिकिट, म्हणजे लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, चालतो.

गार्शिंगवाली: आणि पुढे गार्शिंग? रोजचे जाऊन-येऊन तीन तास. तुम्ही कधी केलंय का? त्यापेक्षा त्स्विशेनमीटे बघ. कुणी सेमिस्टरभर बाहेर जातं तेव्हा तेवढ्यापुरती खोली देतं. फक्त आनमेल्डुंग करू देणार का ते विचार. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा कागद लागतो. तो नसेल तर पुढे रेसिडन्स परमिटलाही अडतं.

निघालोएकदाचा: व्हिसासाठी पैसे ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ निघतात. त्यात ८०० खोलीला गेले तर खाऊ काय?

मावशी_सांगलीची: म्हणून तर म्हटलं मसाला ने. वरणभात स्वस्त पडतो.

इसारकाठ: जाऊन आलो. त्या नंबरला इमारत आहे, पण बेलवरच्या पाट्यांत ते नाव नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, या महिन्यात हेच नाव विचारत आलेला मी तिसरा.

निघालोएकदाचा: व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं, तेव्हापासून त्याचं उत्तर नाही. धन्यवाद. पहिल्या पोस्टमध्ये उर्मटपणा झाला, सॉरी.

निघालोएकदाचा: अपडेट. म्युनिकमधल्याच पासिंगला एका त्स्विशेनमीटेचं उत्तर आलंय, ऑक्टोबर-नोव्हेंबर, ६९०. शुक्रवारी व्हिडिओ कॉल. काय काय विचारू?

गार्शिंगवाली: आधी आनमेल्डुंग.

ताकभात: मग कुकर.