गणिताला उपयोगाचा दाखला कशाला हवा?

बिंदुरेषा :
'सजग करदाता' यांनी परवा इथे लिहिलं की ते पुण्यात पाषाणला गणिताच्या एका खुल्या व्याख्यानाला गेले होते, तासभर ग्रुप (एकापाठोपाठ करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांचे समूह) आणि त्यांची भूमिती ऐकली आणि त्यांचं मत झालं : "याला ना प्रयोग, ना उपयोग. असल्या प्राध्यापकांच्या जागा बंद करून खऱ्या निसर्गविज्ञानाला द्या." खाली भराभर 'सहमत'ची रांग लागली. ज्यांनी गणिताची बाजू घेतली त्यांनीही एवढंच म्हटलं की आज नाही तर उद्या उपयोगी पडेल. मला आरोपाइतकाच हा बचावही खटकला, म्हणून सविस्तर लिहिते.

1911 मध्ये गणितज्ञ डेन यांनी विचारलं : ग्रुपचे जनरेटर (मूळ क्रिया) आणि रिलेशन (त्यांच्यातले नियम) दिलेत, तर एखादा शब्द, म्हणजे अशा क्रियांची माळ, आयडेंटिटीला, म्हणजे काहीच न बदलणाऱ्या क्रियेला, येऊन मिळतो का, हे ठरवायची खात्रीची रीत आहे का? 1955 मध्ये नोविकोव यांनी दाखवलं की सगळ्या ग्रुपना लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही. मग 1987 मध्ये ग्रोमोव यांनी हायपरबोलिक ग्रुप पुढे आणले. त्यांच्या भूमितीत त्रिकोण आतून चिमटलेले असतात आणि तेवढ्यावर डेन यांनीच काही ग्रुपसाठी काढलेली जुनी रीत चालते. आकार समजला की हिशेब सुटतो! माणसाला हे कळलं, याचं मोल मला फार वाटतं. ते कुठल्या कारखान्यात चालेल, हे विचारावंसंही वाटत नाही. नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या आहेत. पल्सारचा (ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचा) नारायणगावच्या शेतकऱ्याला काय उपयोग, असं विचारून त्या कुणी पाडायला निघत नाही. आणि आम्हा गणितवाल्यांना लागतं काय? फळा, ग्रंथालय आणि निवांत वेळ.

सजग करदाता :
पल्सार तिथे खरोखर आहे, फरक तो आहे. खगोलवाल्याचं चुकलं तर आकाश त्याला खोटं पाडतं. तुमचं चुकलं तर कोण पाडणार? तो विषय कळणारी जगात मूठभर माणसं, तीच लिहिणार आणि तीच तपासणार. माझी मुलगी बीएस्सीला आहे. तिच्याकडे प्रात्यक्षिकाला चौघांत एक ब्युरेट, तीही गळकी. मी कर भरतो आणि मुलगी रांगेत उभी राहते. मला राग येऊ नये?

कोथरूडचा कोडर :
उपयोग नाही असं म्हणूच नका. एक्सपांडर ग्राफ (थोड्याच कडा असूनही घट्ट जोडलेली बिंदूंची जाळी) असतात हे आधी माहीत होतं, पण नेमका हातात कुणी देत नव्हतं. 1973 मध्ये मार्गुलिस यांनी ग्रुपच्या गुणधर्मांवरून तो बांधून दाखवला. आज नेटवर्क आणि एरर-करेक्टिंग कोड, दोन्हीकडे एक्सपांडर वापरतात. तुमचं ते निसर्गविज्ञानही घ्या. 10 प्रजातींचे मुळापासून दोनदोन फांद्यांनी फुटणारे वंशवृक्ष किती होतात? 3 कोटी 44 लाख 59 हजार 425. त्यांतले दोन एकमेकांच्या किती जवळ, हे कसं ठरवायचं? 2001 मध्ये बिलेरा, होम्स आणि वोग्टमन यांनी या सगळ्या वृक्षांचा मिळून एक अवकाश रचला. ग्रोमोव यांची कसोटी लावली की त्याची वक्रता कुठेच धन नाही, म्हणजे कुठल्याही दोन वृक्षांमध्ये सर्वांत जवळची वाट एकच. ती वाट झटपट शोधायचा अल्गोरिदम 2011 मध्ये आला. याहून जास्त काय हवं?

बिंदुरेषा :
नेमकं हेच मला नको होतं. उपयोगाच्या तराजूत एकदा बसलो की ज्याचा उपयोग सापडला नाही ते सगळं भंगारात. अवकाशाचं उदाहरण मात्र सुंदर आहे. 4 प्रजातींच्या वृक्षांसाठी त्याचे 15 तुकडे होतात आणि ते पीटरसन ग्राफ नावाच्या प्रसिद्ध जाळीच्या कडांसारखे जोडले जातात, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते.

कातळफूल :
वंशवृक्षांचा विषय निघाला, आता राहवत नाही. तुमच्या वृक्षाच्या टोकाला जे नाव लिहिता ते येतं कुठून? पानाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो त्याआधी कुणीतरी वनस्पती ओळखलेली असते. ओळख चुकली की पुढचं सगळं गणित बिनचूक आणि निष्कर्ष खोटा. एका विद्यार्थ्याने सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत आणलं, अहवालात भलतीच जात लिहिलेली. मी कणसातलं एक फूल भिंगाखाली उघडलं आणि तिथल्या तिथे चूक दिसली. आज असं बघणारी माणसं पुण्यात कितीशी उरलीत? शिकवणारी निवृत्त झाली, जागा रिकाम्या. आणि गव्हाला कुठल्या फांदीवर बसवणार? तीन गवतांच्या संकरातून आलेलं पीक आहे ते, 42 गुणसूत्रं. तिथे वृक्ष नाहीच, जाळं आहे.

कोथरूडचा कोडर :
ताई, म्हणूनच तर बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या ठरलेल्या तुकड्यांवरून जात ओळखणं, आलं. आरबीसीएल आणि मॅटके हे दोन जनुकीय भाग वाचले की बरंच काम होतं. तज्ज्ञांचं आपसांत तरी कुठे एकमत असतं? तुमच्या पिढीने ज्ञान डोक्यात ठेवलं, ते माणसांबरोबर गेलं. त्याला आम्ही काय करणार?

कातळफूल :
डोक्यात ठेवलं? कोरेगाव रस्त्यावरच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) पाऊल तरी टाकलंय का कधी? प्रत्येक शीटवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (तिथल्या वनस्पतींची वर्णनं देणारा ग्रंथ) 1901 ते 1908 मध्ये छापला गेला; ते इथल्याच सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. तो उघडून आजही ओळख पटते. बारकोड जुळवायला आधी ओळखलेला नमुना लागतो, तो कोण देणार? जवळच्या नात्यातल्या गवतांत तुमचे ते दोन भाग पुष्कळदा फरकच दाखवत नाहीत. बोलण्याआधी एक पावसाळा सड्यावर या.

कोथरूडचा कोडर :
नमुन्याचा मुद्दा मान्य. 'बोलण्याआधी' हे मान्य नाही. इथे बोलायला पावसाळ्याचा दाखला लागत नाही.

सजग करदाता :
ताई, मी दुसरं काय म्हणत होतो? त्या जागा तुम्हालाच मिळायला हव्यात.

कातळफूल :
माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. आमच्याकडे शेजारच्या विभागातली जागा बंद झाली तेव्हा ती आम्हाला मिळाली नाही, कुणालाच मिळाली नाही. गवतांच्या प्रकल्पासाठी मी समितीपुढे बसले होते. पहिलाच प्रश्न आला, "याचा उपयोग काय?" मी चारा सांगितला, जमिनीची धूप सांगितली. खरं सांगायचं ते राहूनच गेलं : ही गवतं फक्त इथे उगवतात आणि त्यांची नोंद करणं आपलं काम आहे. तुम्ही त्या समितीच्याच खुर्चीत बसून बोलताय. ग्रुप थिअरी मला ओ की ठो कळत नाही आणि गणितवाल्यांचा जाळ्यांचा हिशेब अजून चुकता व्हायचाय. पण त्यांची जागा काढून ती मला नको.

बिंदुरेषा :
ताई, गव्हाचं बरोबर आहे. तो अवकाश वृक्षांचा आहे, संकराचं जाळं त्यात बसत नाही. कोडर यांनी ते सांगायला हवं होतं.

करदाते, आता तपासणीचं. आमच्याकडे सिद्धता जवळजवळ बरोबर असू शकत नाही. एक पायरी निसटली की ती पडते, लिहिणारा कितीही मोठा असो. हायपरबोलिक भूमितीतल्या कॅनन-थर्स्टन मॅप्सचा प्रश्न गणितज्ञ थर्स्टन यांनी 1982 च्या आपल्या न सुटलेल्या प्रश्नांच्या यादीत मांडला होता. सरफेस ग्रुपसाठी, म्हणजे पृष्ठभागांपासून येणाऱ्या ग्रुपसाठी, तो महान महाराजांनी सोडवला, रामकृष्ण मिशनचे संन्यासी, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत असतात. त्यांची सिद्धता 2014 मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात आली. संन्यासी म्हणून किंवा भटनागर पुरस्कार मिळालेला म्हणून कुणी ओळ सोडून वाचत नाही. वाचणारे थोडे आहेत हे खरं. तो विषय शिकवणाऱ्या जागा बंद करून ते वाढणार नाहीत.

सजग करदाता :
खर्चाचा मुद्दा सोडतो. फळ्याचे पैसे ब्युरेटच्या आड येत नाहीत, एवढं कळलं. थोड्या माणसांनी एकमेकांचं तपासावं, हे अजून पटलेलं नाही. पाषाणला पुढचं व्याख्यान कधी आहे ते इथे टाका. वक्त्यालाच उभं राहून विचारतो.