फोन-कॉम्प्युटर पेअर होतात पण अ‍ॅपमधून काहीच येत नाही

पेठेतला_पोरगा: अप्पा बळवंत चौकात मामाचं पुस्तकांचं दुकान आहे, स्टॉक मोजायला फोनवर बारकोड स्कॅनचं अ‍ॅप टाकलंय, ते ब्लूटूथवरून कॉम्प्युटरला नंबर पाठवतं. विंडोज ११, फोन अँड्रॉइड १३. पेअर झटकन होतं पण विंडोजमध्ये 'कनेक्टेड' क्षणभर दिसतं की लगेच परत 'पेअर्ड', आणि अ‍ॅप म्हणतं कनेक्शन फेल्ड. हेडफोन त्याच कॉम्प्युटरला मस्त चालतात. शाळा सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय, मामा आत्तापासूनच म्हणतोय वहीच बरी होती. प्लीज सांगा कोणीतरी.

सर्किटवाला: हेडफोन चालतात यावरून काही कळत नाही रे, त्यांचं कनेक्शन विंडोज स्वतःच सांभाळतं. तुझं अ‍ॅप सीरियल पोर्टवाल्यातलं दिसतंय, म्हणजे जुन्या केबलसारखा एकामागून एक डेटा पाठवणारं; सेटिंगमध्ये 'एसपीपी' (सीरियल पोर्ट प्रोफाइल) लिहिलंय का बघ. तसं असेल तर पेअर म्हणजे नुसती ओळख, 'पेअर्ड' दिसणं तिथे नॉर्मल आहे. ब्लूटूथच्या पानावर खाली 'मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज' उघड, 'कॉम पोर्ट्स' (विंडोज सीरियल पोर्टला कॉम म्हणतं) टॅब, अ‍ॅड, आणि इनकमिंग निवड, कारण कनेक्शन फोन सुरू करणारे. आउटगोइंग घेतलास तर बसशील वाट बघत.

कोथरूडची_ताई: आणि फोनची परवानगी बघ आधी! अँड्रॉइड १२ पासून 'निअरबाय डिव्हायसेस' वेगळं विचारतात, लोक घाईत नको दाबतात. पेअरिंग फोनच्या सेटिंगमधून झालेलं असतं त्यामुळे अ‍ॅपला परवानगी नाही हे लक्षातच येत नाही.

पेठेतला_पोरगा: परवानगी होती ताई. एसपीपीच आहे, इनकमिंग टाकला, कॉम ५ मिळाला. तरी फेल्डच 😑

सर्किटवाला: अरे पण कॉम ५ उघडून ऐकतंय कोण? पोर्ट नुसता असून भागत नाही, एखाद्या प्रोग्रॅमने तो उघडून ठेवायला लागतो. पुट्टी घे (पोर्टवर काय येतंय ते दाखवणारा फुकट प्रोग्रॅम), सीरियल, कॉम ५, ओपन कर आणि मग फोनवरून कनेक्ट दाब. स्पीडच्या आकड्याचं टेन्शन घेऊ नको, ब्लूटूथच्या पोर्टला त्याने फरक पडत नाही. तरी अडलं तर दोन्हीकडून पेअरिंग काढून नव्याने कर, एकाच बाजूने काढलंस तर पेअरिंगची जुनी गुप्त 'की' (चावी) राहते आणि आणखी घोळ.

डोंगलदास: पुढे मधेमधे तुटायला लागलं तर ब्लूटूथचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३ च्या हार्डडिस्कला चिकटून असेल तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. साधी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब घ्यायचा.

पेठेतला_पोरगा: आले!! पुट्टीत पुस्तकांच्या बारकोडचे ९७८ वाले नंबर सरसर येतायत. आता हेच थेट एक्सेलमध्ये कसे घेऊ?

सर्किटवाला: एक्सेल स्वतःहून पोर्ट वाचत नाही. अ‍ॅपमध्ये कीबोर्ड मोड असेल तर तो लाव, अँड्रॉइड ९ पासून फोन ब्लूटूथ कीबोर्ड बनू शकतो, मग कॉम पोर्टची भानगडच नको, कर्सर जिथे तिथे नंबर. कॉलम मात्र आधी टेक्स्ट कर, नाहीतर १३ आकडी नंबरचं एक्सेल ९.७८ई+१२ करून ठेवेल.