पुण्याच्या जुन्या पेठा एका दिवसात: क्रम कसा लावावा?

ठाणेकर_०७

पुढच्या महिन्यात आई-बाबांना (दोघेही सत्तरीचे) घेऊन एका दिवसासाठी पुण्यात येतोय. सकाळी नऊच्या सुमारास पुणे स्टेशन, परतीची गाडी संध्याकाळी साडेसहाला. कसबा, शनिवारवाडा, विश्रामबाग, तुळशीबाग, मंडई आणि केळकर संग्रहालय डोक्यात आहे. आईला तांबट आळीतून काही भांडीही घ्यायची आहेत. हे सगळं बसेल का? रिक्षा की मेट्रो? क्रम काय ठेवावा?

फडकेहौद

बसेल, पण वार आधी बघा. सोमवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेतली बरीच दुकानं बंद असतात. गणेशोत्सवाचे दहा दिवसही टाळा. त्या गर्दीत ज्येष्ठांना पेठांतून चालवणं शक्य नाही.

स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून कसबा पेठ. सिव्हिल कोर्टला एक मार्गिका पुलावर आणि दुसरी जमिनीखाली तीसेक मीटर खोल आहे, म्हणून बदलायला दहा मिनिटं धरा. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. परतताना मंडई स्थानकातून चढा, पुन्हा सिव्हिल कोर्टला बदला. म्हणजे दिवसभर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जायचं, मागे फिरावं लागत नाही. एकूण चालणं साडेतीन-चार किलोमीटर. स्वतःची गाडी घेऊन या भागात शिरू नका. मंडईजवळ महापालिकेची बहुमजली पार्किंगची इमारत आहे, पण तिथवर पोचायलाच अर्धा तास जातो.

मी लावेन तो क्रम: कसबा गणपती, तांबट आळी, लाल महाल, शनिवारवाडा, बुधवार चौकातून विश्रामबाग, तुळशीबागेत जेवण, मंडई, शेवटी केळकर संग्रहालय. शहर ज्या क्रमाने वाढलं साधारण त्याच क्रमाने ते दिसतं. कसबा ही सगळ्यांत जुनी वस्ती, बाकीच्या पेठा तिच्याभोवती बसत गेल्या. लाल महालाला दहा मिनिटं पुरे. सध्याची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे, शहाजीराजांच्या काळची नाही. बरेच लोक तिथे शिवकालीन बांधकाम शोधत बसतात.

संग्रहालय साडेपाचला बंद होतं. साडेतीनच्या आत दारात असाल तरच ते नीट बघून होईल, आणि साडेसहाची गाडी गाठायची तर पाचला तिथून निघावंच लागेल. मजले आहेत, जिने चढावे लागतात. सगळं बघायचा हट्ट न धरता अडकित्ते, दिवे आणि कोथरूडहून हलवून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल एवढं सावकाश बघा.

सुरूखांब

वरचा क्रम चांगला आहे, पण एक बदल सुचवतो: शनिवारवाडा सगळ्यांत आधी करा. आत सावली जवळजवळ नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. आज उरलेत ते तट, दरवाजे, जोती आणि हिरवळ. अकरा वाजता ज्येष्ठ मंडळी तिथे दमली की पुढचा दिवस गेलाच म्हणून समजा. कसब्यात गल्ल्या अरुंद आहेत, उशीर झाला तरी घरांची सावली मिळते.

शनिवारवाड्यात 'काहीच नाही' म्हणून परत येणारे फार. त्यांनी दिल्ली दरवाजा नीट पाहिलेला नसतो. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार पोलादी खिळे आहेत, म्हणजे हत्तीला धडक देता येऊ नये. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, काटकोनात वळते. घुसलेल्या सैन्याचा वेग तुटतो आणि वळताना त्याची बाजू उघडी पडते. दरवाजाच्या वर नगारखाना आहे, जिना चढता आला तर तिथून सगळ्या जोत्यांचा आराखडा एका नजरेत कळतो. बाबांना जिना नको असेल तर खालीच सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्यापर्यंत जाऊन यावं.

वाडा उभा कसा दिसायचा हे समजायला विश्रामबागवाडाच हवा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. तिथे आत जायची घाई करू नका. आधी समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भाग बघा. खालून निमुळते होत वर जाणारे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि वर केळफुलाचं कोरीव काम, ही पेशवाई सुतारकामाची खूण. ती एकदा डोळ्यांत बसली की पेठेतल्या जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर तुम्हाला ती आपोआप सापडायला लागेल. कधी डागडुजी सुरू असते, मग आत सोडत नाहीत. दर्शनी भाग मात्र रस्त्यावरून दिसतोच.

उघड्या दिसणाऱ्या जुन्या वाड्यांत लोक राहतात. दिंडी दरवाजातून चौकात शिरण्यापूर्वी हाक मारून विचारा. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, न विचारता फोटो काढले की हमखास वाद होतो.

मठार

तांबट आळीबद्दल नीट सांगतो, कारण फसगत तिथेच होते.

हाताने मठारलेलं (हातोडीने ठोकून घडवलेलं) भांडं आणि यंत्रावर फिरवून बनवलेलं भांडं लांबून सारखंच चकाकतं. भांडं उजेडाकडे तिरकं धरा. ठोक्यांचे गोल खळगे एकमेकांना किंचित चढून ओळीत गेलेले असतात, अगदी एकसारखे कधीच नसतात. आतल्या बाजूला बारीक वर्तुळाकार रेषा दिसल्या तर आकार यंत्रावर दिलाय आणि ठोके नंतर पडलेत. तेही वाईट नाही, पण भाव त्याप्रमाणे असावा. मठारकाम नुसतं शोभेसाठी नसतं. तांबं मऊ असतं, ठोक्यांनी ते घट्ट होतं आणि पातळ पत्राही दबत नाही. घडवताना मात्र जास्त ठोकलं की तांबं कडक होऊन चिरतं, म्हणून कारागीर ते मध्येमध्ये तापवून मऊ करून घेतात.

भाव साधारण वजनावर ठरतो. आधी वजन करायला सांगा, मग मजुरी विचारा. पाण्याच्या भांड्याला आतून कल्हई लागत नाही. स्वयंपाकाच्या पातेल्याला लागतेच, नाहीतर आमटी, ताक, चिंच यांत तांबं उतरतं. कल्हई केलेलं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, कथील वितळतं.

भांडी सकाळीच निवडून ठेवायला सांगितलीत तरी ती घ्यायला उलट यावं लागेल, म्हणून एखादं-दुसरंच आणि हातात मावेल असं घ्या. हंडा किंवा बंब घ्यायचा असेल तर वेगळी फेरी काढा.

ठाणेकर_०७

खूप आभार. शनिवारवाडा आधी, हे पटलं. त्रिशुंड गणपतीचं नाव ऐकलंय, तो वाटेत येईल का?

फडकेहौद

सोमवार पेठेत आहे, स्टेशन आणि कसब्याच्या मधे. मेट्रोने गेलात तर राहून जातो, म्हणून तो हवा असेल तर स्टेशनवरून रिक्षा करा. रिक्षावाल्याला 'सोमवार पेठ, नागेश्वर मंदिराजवळ' असं सांगा, नुसतं त्रिशुंड म्हटलं तर सगळ्यांना कळत नाही. बाहेरची काळ्या दगडाची भिंत हेच खरं बघणं: साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बाजूला इंग्रज शिपाई कोरलेत. बांधकाम १७५४ ला सुरू झालं, गाभाऱ्यात मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आहे. तळघर एरवी बंद असतं. अर्धा तास पुरे. तो वेळ तुळशीबागेतून कापा, संग्रहालयातून नको. तिथून शनिवारवाड्याला पुन्हा रिक्षाच करा, चालत नेऊ नका.