व्हीपीएस निवडताना : ‘४ कोअर, ८ जीबी’वर किती विश्वास ठेवायचा?

पानोपानी

नमस्कार मंडळी. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवरचं (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगिन) पुस्तकांचं दुकान आहे, सध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटी. ९०० च्या आसपास पुस्तकं, डेटाबेस ६०० एमबी, मुखपृष्ठांच्या फोटोंसकट फाइली १८ जीबी. एरवी काही त्रास नाही. पण दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी सुरू झाली की सकाळी १० ला व्हॉट्सॲपवर लिंक जाते आणि पुढची वीसेक मिनिटं २५०-३०० माणसं एकदम साइटवर असतात. तेव्हा ‘५०८ रिसोर्स लिमिट’ दिसायला लागतं.

आता व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या यंत्राच्या भाड्याने मिळणाऱ्या स्वतंत्र तुकड्यावर, जायचं म्हणतोय. तीन पर्याय काढलेत.

अ : ४ कोअर, ८ जीबी, ‘अमर्याद बँडविड्थ’, भारतात, महिना ६०० रुपये.
ब : २ कोअर, ४ जीबी, ८० जीबी एसएसडी, मुंबईत, महिना २४ डॉलर.
क : ४ कोअर, ८ जीबी, जर्मनीत, ‘ब’च्या निम्म्याहून कमी दरात.

कागदावर ‘ब’ सगळ्यात महाग आणि सगळ्यात किरकोळ. तरी लोक तो घेतात, ते का? आणि ३०० माणसांना नेमकं किती लागतं हे काढायचं कसं?

सह्यकर्नल

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, पहिल्याचं उत्तर त्यातच निघेल.

सर्व्हरला माणसं मोजता येत नाहीत. त्याला दोनच गोष्टी कळतात : सेकंदाला किती विनंत्या येतात आणि एकीला प्रोसेसरचा किती वेळ जातो. माणूस पान बघतो, खाली सरकवतो, पुढचं दाबतो. दहा सेकंदांनी एक क्लिक धरा. ३०० माणसांची सेकंदाला ३० पानं झाली. वूकॉमर्सचं एक पान तयार करायला पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ०.४ सेकंद प्रोसेसर लागतो असं समजू. तुमचा खरा आकडा मोजून घाला. प्लगिनांची जत्रा भरली असेल तर ०.८ सुद्धा निघतो. ३० गुणिले ०.४ म्हणजे १२ कोअर. तिन्ही पर्याय बाद.

आता पुस्तकांची आणि यादीची पानं एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हरच्या) कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या प्रतींमधून द्या. समजा ८० टक्के विनंत्या पीएचपीपर्यंत पोचल्याच नाहीत. उरल्या सेकंदाला ६, म्हणजे २.४ कोअर. २ कोअरच्या यंत्रातून सेकंदाला ५ पानं बाहेर पडतात आणि ६ आत येतात. दर सेकंदाला एक मागे राहतं, पाच मिनिटांत ३०० ची रांग. त्यात लोक कंटाळून रिफ्रेश दाबतात आणि ६ चे ९ होतात. ५०४ (उत्तराची वेळ संपल्याची चूक) येतो तो असा.

तेव्हा कॅश आधी, प्लॅन नंतर. फक्त कार्ट, चेकआऊट आणि ‘माझं खातं’ ही पानं कॅशमधून न विसरता वगळा, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसेल.

जाता जाता : सध्याच्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये ‘रिसोर्स युसेज’चं पान असतं. तिथे ‘एंट्री प्रोसेसेस’चा (एका वेळी चालू असलेल्या विनंत्यांचा) आलेख बघा. ५०८ तिथली मर्यादा भरली की येतो. मेमरी किंवा प्रोसेसर कमी पडला की येतो तो वेगळाच त्रास, आणि त्याच पानावर वेगळा दिसतो.

रांगेत_उभा

हिशेब बरोबर, पण ८० टक्के हे फार आशावादी धरलंय. कार्टमध्ये एक अंक टाकला की त्या माणसाच्या ब्राउझरला कुकी (ओळखीची खूण) मिळते, आणि बहुतेक कॅश प्लगिन ती कुकी दिसली की त्याची पुढची सगळी पानं कॅशबाहेर काढतात. नोंदणीच्या सकाळी येणारा प्रत्येक जण कार्टमध्ये काहीतरी टाकायलाच आलेला असतो! ६० टक्के धरा. मग सेकंदाला १२ पानं पीएचपीकडे, म्हणजे ४.८ कोअर.

हे कमी करायचं तर पानंच कमी करा. व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठाची लिंक देऊ नका. चेकआऊटच्या पत्त्यापुढे ‘ॲड-टू-कार्ट’ आणि अंकाचा क्रमांक जोडला की अंक कार्टमध्ये पडून माणूस थेट पैसे भरायच्या पानावर उतरतो. सात-आठ पानांचं काम दोन-तीन पानांत होतं. आणि सगळ्या गटांना १० च्या ठोक्याला संदेश पाठवायची गरज काय? १०, १०.१५, १०.३० असे टप्पे करा. याला एक रुपया लागत नाही.

वूकॉमर्स ७.८ च्या आधीचं असेल तर अद्ययावत करा. जुन्यात प्रत्येक पानावर कार्ट ताजं करायची एक वेगळी विनंती जायची. पान कॅशमधून आलं तरी ती थेट पीएचपीवर. ७.८ पासून ती आपोआप सुटत नाही, थीममध्ये छोटं कार्ट लावलेलं असेल तरच सुटते.

पानोपानी

हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ८ जीबी रॅमची गरजच नाही का? आणि ‘अ’मध्ये इतक्या स्वस्तात ४ कोअर देतात ते खोटं असतं का?

सह्यकर्नल

रॅमचं सांगतो. ४ जीबीत यंत्रणा आणि एनजिनएक्सला ४०० एमबी. डेटाबेस ६०० एमबीचा, तर इनोडीबीचा बफर पूल (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये ठेवतं ती जागा) ७६८ एमबी ठेवा. मूळ सेटिंग १२८ एमबीचं असतं, ते बरेच जण तसंच ठेवतात आणि मग डिस्कला शिव्या घालतात. मायएसक्यूएल मिळून १.१ जीबी धरा, रेडिसला (रॅममधल्या कॅशला) २००, फाइलींच्या कॅशसाठी ६०० मोकळे. उरतात १.७ जीबी. पीएचपीचा एक वर्कर (एका वेळी एक पान बनवणारी प्रक्रिया) ८० एमबी धरला तर २१-२२ वर्कर मावतात. मोजताना आरएसएस (प्रक्रियेची एकूण मेमरी) बघू नका, त्यात ओपीकॅशची (पीएचपीच्या तयार कोडची) सामायिक मेमरी प्रत्येकाच्या नावावर परत परत लागते, पीएसएस (सामायिक भाग वाटून मोजलेली) बघा.

पण मावतात म्हणून २१ लावायचे नाहीत. २ कोअरवर १० ते १२ पुरे. कोअरपेक्षा जास्त ठेवायचे ते यासाठी, की पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघताना वर्कर अडकलेला असतो आणि प्रोसेसर मात्र मोकळा.

डेबियन-उबुंटू लिनक्सवर ‘मॅक्स चिल्ड्रन’ (वर्करांची कमाल संख्या) मुळात ५ असतं. ते तसंच राहिलं तर प्रोसेसर ३० टक्क्यांवर निवांत आणि साइट ठप्प, असं विचित्र दृश्य दिसतं. एफपीएमच्या (वर्कर सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये मर्यादा गाठल्याची ओळ सापडते. उलट कुणी घाबरून ६० केलं की रॅम संपते, कर्नल (यंत्रणेचा गाभा) सगळ्यात जाड प्रक्रिया मारतो, आणि ती नेमकी मायएसक्यूएल असते. म्हणून १-२ जीबी स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवाच. मेमरी दाखवणारी ‘फ्री’ कमांड चालवल्यावर ‘अव्हेलेबल’चा रकाना बघायचा. ‘फ्री’चा रकाना कायम कमीच दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डिस्क_भरली

‘अ’ खोटं म्हणता येणार नाही. तेच चार कोअर अजून दहा जणांना विकलेले असतात, इतकंच. हे बाहेरून कळत नाही, आत जाऊन मोजावं लागतं. तासावर भाडं घेणारा असेल तर दोन दिवसांसाठी घ्या. महिन्याचेच पैसे मागत असेल तर एकच महिना भरा. ‘तीन वर्षांचे आगाऊ, ७० टक्के सूट’ला हात लावू नका.

शिरल्या शिरल्या ‘सिस्टीमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा, यंत्राचे तुकडे कसे पाडलेत ते कळतं. केव्हीएम (स्वतःच्या कर्नलचं वेगळं आभासी यंत्र) आलं तर पुढे जा. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी आलं तर कर्नल सगळ्यांचं मिळून एक आहे : स्वतःचं स्वॅप, डॉकर, फायरवॉलचे मॉड्यूल, सगळं त्यांच्या मर्जीवर. मग प्रोसेसरचं मॉडेल बघा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा झिऑन (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर) असेल तर त्याचा एक कोअर आजच्या एपिकच्या (एएमडीच्या) निम्म्याच्या आसपासच काम करतो, आणि पीएचपीचं एक पान एकाच कोअरवर बनतं. चार म्हातारे कोअर रांग लवकर उपसतात, पण एकेक पान संथच राहतं. शिवाय व्हीपीएसचा ‘कोअर’ बहुतेक ठिकाणी पूर्ण कोअर नसतो, हायपरथ्रेड (एका खऱ्या कोअरच्या दोन वाट्यांपैकी एक) असतो.

आता मुख्य चाचणी. ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवा आणि शेवटाजवळचा ‘एसटी’चा रकाना बघा. हा स्टील टाइम : तुमचं काम तयार होतं, पण यजमान यंत्राने प्रोसेसर दुसऱ्याला दिला. यंत्र रिकामं असताना हा शून्यच दिसतो, म्हणून सगळे कोअर दहा मिनिटं सिसबेंचने (भार टाकणाऱ्या प्रोग्रामने) तापवा. सकाळी १० ला, रात्री ९ ला आणि पहाटे ३ ला. १-२ टक्के चालतं. सतत ५ च्या वर असेल तर सोडून द्या. १५-२० दिसलं तर ४ कोअरचे ३ उरलेच म्हणा.

ॲमेझॉनच्या लाइटसेलसारख्या ‘बर्स्ट’ प्लॅनवर एक गंमत असते. तिथे प्रोसेसरची शिल्लक साठते आणि ती संपली की वेग ठरलेल्या पायरीवर उतरतो. दोन मिनिटांची चाचणी सुरेख येते. तुमची गर्दी वीस मिनिटांची आहे. तिथे निदान तासभर तापवून बघा.

डिस्क मोजायला ‘डीडी’ कमांड नको, ते कॅशचा वेग दाखवतं. ‘फायो’ हा प्रोग्राम घ्या : ४ केबीचे यादृच्छिक लेखन, एकच काम, रांगेची खोली १, प्रत्येक लेखनानंतर ‘एफडेटासिंक’ (डिस्कवर खरंच लिहिल्याची पावती). जाहिरातीतला ‘१ लाख आयओपीएस’ (सेकंदाला इतकी वाचन-लेखनं) इथे उपयोगाचा नाही. मायएसक्यूएल प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करताना) डिस्कची पावती मागतं, आणि वूकॉमर्सची एक ऑर्डर म्हणजे बरीचशी सुटी लेखनं. समजा ४० झाली आणि पावतीला १० मिलिसेकंद लागले, तर नुसत्या डिस्कपायी ०.४ सेकंद गेला. १ मिलिसेकंद लागला तर ०.०४. सरासरीवर जाऊ नका, ९९ व्या शतमानाचा आकडा (शंभरातली ९९ लेखनं ज्याच्या आत होतात तो) बघा; तो १० मिलिसेकंदांच्या वर असेल तर डेटाबेससाठी तो व्हीपीएस नको. हेही दहा मिनिटं चालवा, काही जण पहिली एक-दोन मिनिटंच वेग देतात.

हिशेबनीस

‘क’बद्दल. यंत्र म्हणून तो वाईट नसेलही, पण अंतराचं काय? मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन-येऊन साधारण १२०-१३० मिलिसेकंद. जोडणीची (टीसीपी) एक फेरी, सुरक्षिततेची (टीएलएस १.३) एक, मग विनंतीची एक. पहिला बाइट यायच्या आत ४०० मिलिसेकंदांच्या आसपास गेले, सर्व्हरने काही करायच्या आधीच. मुंबईत हेच ५०-१०० मध्ये आटोपतं, सिंगापूरला २०० च्या आगेमागे. सीडीएन (जवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारी सेवा) लावून फोटो जवळ येतात, चेकआऊट येत नाही. मोजताना ‘एमटीआर’ (वाटेतल्या टप्प्यांचा वेळ आणि गळती दाखवणारा प्रोग्राम) वापरा, जिओ आणि एअरटेल दोन्हींवरून, रात्री ८ ते ११ मध्ये. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती दिसली आणि शेवटच्यावर शून्य असेल तर ती गळती नव्हेच. तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय.

आता खिशाचं. २४ डॉलर म्हणजे २४ डॉलर नाही. परदेशी कंपनी १८ टक्के जीएसटी लावते. जीएसटी क्रमांक दिला तर तो रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा. वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्या कार्डांवरून दरमहा आपोआप पैसे कापणं अडखळतं. म्हणून खात्यात तीन महिन्यांची रक्कम आधीच जमा करून ठेवता येते का बघा. दिवाळीच्या आठवड्यात थकबाकीपायी सर्व्हर बंद होणं हा सगळ्यात मूर्ख बिघाड.

‘अमर्याद बँडविड्थ’ला अर्थ नाही, अटींमध्ये ‘वाजवी वापर’ असतोच. १ टीबी महिनाभर पसरवला तर सरासरी ३ एमबीपीएस होतात. तुमच्या दुकानाला १ टीबी उदंड झालं.

२५ नंबरचं पोर्ट नव्या खात्यांवर बहुतेक मोठे देणारे बंद ठेवतात, डिजिटलओशन, लिनोड, व्हल्टर तिघेही. ऑर्डरच्या पावत्या सर्व्हरवरून पाठवायचा बेत असेल तर आत्ताच सोडा. मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या, तिच्या वेब-एपीआयने जोडा (डिजिटलओशन आणि लिनोडवर ५८७ ही बंद असतं), एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमचाच आहे हे सांगणाऱ्या) नोंदी करा.

भारतातला देणारा ओळखपत्र मागेल, बिचकू नका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकांची खरी माहिती पाच वर्षं ठेवावी लागते.

आणि ९९.९ टक्के अपटाइमची हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. तुमची गर्दी वीस मिनिटांची! भरपाई मिळते ती भाड्याच्या काही टक्क्यांची, बुडालेल्या ऑर्डरींची नाही.

पानोपानी

‘अ’चा एक महिना घेऊन बघितला. ओपनव्हीझेड निघालं. एसटी सकाळी १० ला ११ ते १४. ‘ब’ केव्हीएम, एसटी १ च्या आत, फायोचं ९९ वं शतमान २.३ मिलिसेकंद. ‘ब’ नक्की करतोय. पण २ कोअर पुरणार का, की आत्तापासूनच ४ घेऊ?

रांगेत_उभा

‘के६’ने (खोटी गर्दी तयार करणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या यंत्रावरून भार टाकून बघा. त्याच सर्व्हरवरून टाकलात तर चाचणीच प्रोसेसर खाईल. नुसतं मुखपृष्ठ बडवू नका, ते कॅशमधूनच येणार. अंक कार्टमध्ये, चेकआऊट, पैसे गेटवेच्या टेस्ट मोडवर, अशी पूर्ण वाट लिहा. माणसं २० पासून ३०० पर्यंत दहा मिनिटांत चढवा, मग २० मिनिटं तिथेच ठेवा. पानाचा वेळ ज्या आकड्यावर अचानक वर उसळतो, ती तुमची क्षमता. त्याच्या ७० टक्क्यांवर वापर ठेवा.

डिस्क_भरली

वर्षभर २ कोअर आणि नोंदणीच्या आठवड्यापुरते ४, असं करा. फक्त वाढवताना ‘प्रोसेसर आणि रॅम’ एवढंच निवडा. डिजिटलओशनवर डिस्कही वाढवलीत तर परत खाली येता येत नाही. यंत्र बंद करून वाढवावं लागतं, तेव्हा आदल्या रात्री. आणि बंद केलेलं यंत्रही बिलात धरतात; चाचणीचं यंत्र काम झालं की पुसूनच टाका.

बॅकअप त्याच कंपनीकडे ठेवून झोपू नका. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गला ओव्हीएचची एक इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं. रोज रात्री मायएसक्यूएल-डंप (डेटाबेसची प्रत), ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ लावून, म्हणजे टेबलं अडत नाहीत. ६०० एमबीचा डेटाबेस दाबला की बहुधा १०० च्या आसपास येईल. तो दुसऱ्या कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइली ठेवायच्या ऑनलाइन कोठारात). महिन्यातून एकदा उलगडून ऑर्डरींची संख्या मूळ साइटशी ताडून बघा.

स्थलांतराच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा) ३०० वर आणा. स्थलांतर झालं की शेअर्डवरची साइट आठवडाभर मेंटेनन्स मोडमध्ये ठेवा, नाहीतर दोन्हीकडे ऑर्डरी पडतील.