वृत्तात न बसलेलं : सेवाकार्यातले तुमचे अनुभव लिहा

आमच्या क्लबाची सभा दर गुरुवारी असते आणि तिचं वृत्त लिहिण्याचं काम गेली ९ वर्षं माझ्या गळ्यात आहे. सभेत गेल्या रविवारी काय झालं ते सांगतात, पुढच्या रविवारी कोण कुठे जाणार ते ठरतं, मग चहा-वडा. वृत्तात मात्र तेच ते: 'मान्यवरांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत करण्यात आले. कार्यक्रम उत्साहात पार पडला.' ९ वर्षांत आमचा एकही कार्यक्रम उत्साहाशिवाय पार पडलेला नाही! म्हणून हा धागा. क्लब, मंडळ, ट्रस्ट, सोसायटी, काहीही चालेल, फक्त पुण्यातलं असावं. 'समाजाचं देणं' हे शब्द टाळलेत तर उपकार होतील.

टेकडीकर

जुलैत वेताळ टेकडीवर झाडं लावायला आम्ही ६० जण होतो. एप्रिलमध्ये पाणी घालायला ४. वर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि काळा कातळ. पहिले दोन-तीन उन्हाळे माणसाने पाणी दिलं तरच रोप तग धरतं. ५ लिटरचा कॅन घेऊन चढायचं, एका कॅनमध्ये दोन रोपं. सुरुवातीला आम्ही नुसतं ओतायचो, पाणी उतारावरून पळून जायचं. रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी शिकवलं: उताराच्या खालच्या बाजूला दगड लावून अर्धगोल आळं कर, त्यात वाळलेलं गवत पसर, पाणी हळू सोड. (सांगताना चेहरा 'एवढंही कळत नाही?' असा. आजोबा सदाशिव पेठेतले.) फेब्रुवारीत कोणाच्या तरी विडीने गवत पेटलं, त्यात बरीच गेली. आता दर डिसेंबरात आधी जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा. ४० पैकी ११ जगली: ७ कडुनिंब, ३ बहावा, १ पिंपळ.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या जुलैत क्लबाने पुन्हा ४० झाडं लावली, त्यातली २९ त्याच खड्ड्यांत. दोन्ही वर्षांची वृत्तं जोडलीत तर टेकडीवर आमची ८० झाडं आहेत.

हडपसरची

तीन शिबिरांतून मला परत पाठवलं. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, माझं ११ च्या वर सरकेना. मग कॉफी-बिस्किटांच्या टेबलावर बसवलं. तिथे बसून लक्षात आलं की आमच्या भागात १५ ऑगस्टला एकाच दिवशी चार-चार शिबिरं असतात. रक्तातल्या तांबड्या पेशी ठेवून ठेवून ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ च दिवस. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा शेजारच्या काकूंच्या ऑपरेशनसाठी त्यांचा मुलगा दिवसभर रक्तपेढ्या पालथ्या घालत होता. सभेत म्हटलं, शिबिर मेमध्ये घेऊ. 'उन्हाचं कोण येणार?' आले की, २३ जण. ऑगस्टात ११० असतात, म्हणून वृत्तात 'अल्प प्रतिसाद' छापून आलं. त्या २३ मध्ये मी होते. १२.६!

नाना पेठ

तुकोबांची पालखी आमच्याकडे निवडुंग्या विठोबाला उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत. पहिल्या वर्षी आम्ही बायकांनी केळी वाटली. सगळेच केळी वाटतात, संध्याकाळी रस्त्यावर सालींचा चिखल. एका मावशींच्या हातात तिसरं केळं ठेवायला गेले तर म्हणाल्या, "माउली, पोट भरलंय गं. चपलेचा अंगठा तुटलाय, तेवढं बघतीस का?" दुसऱ्या वर्षीपासून केळी बंद. चपला शिवायला ओळखीचे एक काका बसतात, आम्ही त्यांच्या हाताखाली. सेफ्टीपिना, मोबाइल चार्ज करायला मोठा बोर्ड, आणि पावसात भिजलेलं लुगडं बदलायला चादरी बांधून केलेला आडोसा. सगळ्यात मोठी रांग आडोशाला लागते. वृत्तात फोटो चपलांचा आला. आडोशाचा काढणार कसा?

घाटावरचा

विसर्जन, निर्माल्य कलश, १० तास उभा. लोक निर्माल्य टाकतात ते गाठ मारलेल्या पिशवीसकट. फाडायची, हार वेगळे, थर्माकोल वेगळं. हाराच्या दोऱ्याने बोटं कापतात. एका पिशवीत स्कूटरची किल्ली निघाली. मालक रात्री साडेअकराला आले आणि आमच्यावरच चिडले.

एफवायबीए

दृष्टिहीन विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून पहिल्यांदाच गेले होते. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीहून कमी लागतं, म्हणून टीवायच्या दादासाठी मी. तासाला २० मिनिटं जादा मिळतात. इतिहासाचा पेपर. तो सांगत होता, मी लिहीत होते. पानिपतची तिसरी लढाई, १७५७. माझं पेन अडलं. १७५७ म्हणजे प्लासी, पानिपत १७६१! तो लगेच हळूच म्हणाला, "थांबू नकोस. तू थांबलीस की मला कळतं." १७५७ लिहिलं. बाहेर आल्यावर विचारलं, "काय चुकलं होतं?" सांगितलं. कपाळावर हात मारून हसला, मग स्टॉपपर्यंत गप्प. आता मी प्रत्येक वाक्यानंतर मुद्दाम थोडी थांबते, बरोबर असलं तरी.

करंगळी

पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, तेव्हापासून मी बूथवर. बूथचा रविवार सोपा असतो. खरी पायपीट नंतर, राहिलेली पोरं शोधायची. बाणेर-बालेवाडीला इमारती उठत होत्या, तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतून फिरायचं, डाव्या करंगळीवर शाई आहे का बघायचं. काही पोरं शाईचा हात पाठीमागे लपवून पुन्हा पुढे यायची, कारण आम्ही थेंबांनंतर लिमलेटची गोळी द्यायचो. देशातला शेवटचा रुग्ण हावड्याचा, १३ जानेवारी २०११. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पुढच्या सभेत पेढे वाटले. पायपिटीतले आम्ही दोघेच उरलो होतो. त्याला मधुमेह, त्याचाही पेढा मी खाल्ला.

धागाकर्ता

करंगळीकाका, तुम्ही आमच्याच क्लबाचे निघालात की काय? गुरुवारी बोलू. बाकीच्यांनी लिहीत राहा. येत्या रविवारी सकाळी ६.३० ला टेकडी, कॅन घरून भरून आणणे.

हडपसरची

वर नळ नाही का?

टेकडीकर

नाही.