एपीटीटी 47 सेकंद, पण बीटी-सीटी नॉर्मल: अर्थ कसा लावावा?

प्रश्न

आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्या केल्या. त्यांत पीटी 12.8 सेकंद (कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नॉर्मल नमुना, 12.0) आणि आयएनआर (पीटीचेच प्रमाणित गुणोत्तर) 1.07 आला असून एपीटीटी मात्र 47 सेकंद (कंट्रोल 30) आहे. त्याच कागदावर बीटी (छोट्या जखमेतला रक्तस्राव थांबायला लागणारा वेळ) आणि सीटी (काढलेले रक्त गोठायला लागणारा वेळ, जुन्या साध्या पद्धतीने) नॉर्मल दाखवले आहेत. सर्जननी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि नात्यातल्या एकांनी "रक्त फार पातळ झाले आहे" असा निकालही देऊन टाकला. दोन बाळंतपणांत किंवा दाढ काढताना आईला कधीही जास्त रक्तस्राव झालेला नाही, आणि रक्त न गोठण्याचे कोणतेही औषध ती घेत नाही. एकाच रक्ताचा गोठण्याचा वेळ एका चाचणीत ठीक आणि दुसरीत वाढलेला कसा असू शकतो?

उत्तर 1

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून एवढे सांगू शकतो की या दोन चाचण्या गोठण्याची क्रिया दोन वेगळ्या टोकांनी सुरू करतात. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना 'घटक' म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. पीटीमध्ये मुख्यतः सातव्या घटकाची वाट तपासली जाते, तर एपीटीटीमध्ये बारावा, अकरावा, नववा आणि आठवा हे घटक पाहिले जातात. पुढे दहावा, पाचवा, दुसरा घटक आणि फायब्रिनोजेन हा रस्ता दोघींना सामाईक आहे. पीटी ठीक असल्यामुळे हा सामाईक भाग बहुधा निर्दोष आहे आणि प्रश्न एपीटीटीच्या स्वतःच्या वाटेपुरता उरतो.

सीटी नॉर्मल आहे यावर मात्र विसंबू नये. ती फार ढोबळ चाचणी आहे. एखादा घटक बराच खाली गेल्याशिवाय तिच्यात फरक दिसत नाही. बीटी तर प्लेटलेट आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित असल्याने या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. "पातळ" हा शब्दही फसवा आहे, कारण इथे मोजला जातो तो गोठायला लागणारा वेळ, रक्ताचा दाटपणा नव्हे.

उत्तर 2

आधी नमुना कसा घेतला होता ते विचारा. निळ्या झाकणाच्या नळीत एक भाग सायट्रेट (गोठण्यासाठी लागणारे कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे रसायन) आणि नऊ भाग रक्त असे प्रमाण लागते. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर जास्तीचे सायट्रेट तपासणीच्या वेळी घातलेले कॅल्शियमही बांधून ठेवते आणि वेळ खोटाच लांबतो. हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुतलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त घेतले असेल, तरीही नेमका एपीटीटीच वाढतो. हातातून नव्याने काढलेल्या रक्तावर तीच तपासणी करून घेतल्याशिवाय पुढचा तर्क करण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ती

काल दुसऱ्या हातातून, नळी पूर्ण भरून नमुना दिला. एपीटीटी 46 आला. आता "मिक्सिंग स्टडी" लिहून दिली आहे.

उत्तर 3

मिक्सिंगमध्ये आईचा प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) आणि निरोगी व्यक्तींचा प्लाझ्मा समान प्रमाणात मिसळून एपीटीटी पुन्हा मोजतात. वेळ नॉर्मलवर आला, तर एखादा घटक कमी आहे असे धरून आठवा, नववा, अकरावा आणि बारावा हे घटक स्वतंत्रपणे मोजले जातात. यांतला बारावा कमी असेल, तर एपीटीटी कितीही लांबला तरी रक्तस्राव वाढत नाही, त्यामुळे कधी कधी हा सगळा गोंधळ निरुपद्रवी निघतो. आठवा, नववा किंवा अकरावा कमी असेल, तर मात्र शस्त्रक्रियेची तयारी बदलावी लागते. आठवा कमी निघाल्यास वॉन विलब्रँड घटकही (आठव्या घटकाला रक्तात टिकवून ठेवणारे प्रथिन) तपासतात.

मिसळूनही वेळ लांबलेलाच राहिला, तर प्लाझ्मात काहीतरी अडथळा आणते आहे असे समजतात आणि त्यात ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट (शब्दशः 'गोठणविरोधी', प्रत्यक्षात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) हे नेहमीचे कारण आहे. नाव आणि चाचणी दोन्ही दिशाभूल करतात: नळीत गोठायला उशीर होतो, पण शरीरात त्याचा कल नको तिथे गुठळी होण्याकडे असतो. अशा वेळी डॉक्टरांची चिंता रक्तस्रावाऐवजी पायातील शिरांच्या गुठळीची असते, आणि ती चाचणी 12 आठवड्यांनी पुन्हा केल्याशिवाय निदान पक्के मानत नाहीत.

बाळंतपणांचा आणि दाढेचा तपशील सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मला स्वतःला तो त्या 47 च्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आजोळी कुणाला सांध्यांत रक्त साचणे किंवा जखम दिवसेंदिवस वाहत राहणे असा त्रास होता का, हेही आईला विचारून ठेवा.