३३० वॅटचं सोलर पॅनल, १५० एएचची बॅटरी, तरी पंखे साडेनऊलाच बंद

दारव्हा_कापूस: टिनावर ३३० वॅटचं एक पॅनल, पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी चार्ज करणारा साधा डबा), १२ व्होल्टची १५० एएच (अंपियर-तास) ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी. लोड दोन पंखे, तीन एलईडी. नवीन होती तेव्हा ७ ते ११ आरामात चालायचं. आता साडेनऊलाच इन्व्हर्टर ओरडतो. दुकानदार म्हणतो लिथियम घ्या. घ्यावी का?

वायरमन_वऱ्हाड: भाऊ, आधी कंट्रोलर पाहा. ३३० वॅटचं पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास काम करते. पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणते, करंट मात्र ९ अंपियरच राहते. म्हणजे जेमतेम ११७ वॅट, बाकी वाया. पाच तास कडक ऊन धरलं तरी ४५ एएच, त्यातलेही बॅटरीत टिकतात ३८ च्या आसपास. तुमचा लोड १८० वॅट, इन्व्हर्टरचा खर्च धरून तासाला १७ एएच. करा हिशोब, सव्वादोन तास!

एमपीपीटी कंट्रोलर लावा (तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलते), २० अंपियरचा, इनपुट कमीत कमी ६० व्होल्टचा. पॅनलचं ओपन सर्किट (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४५ च्या घरात असते, हलका कंट्रोलर जळते. चार्जिंग करंट १५ अंपियरवर ठेवा.

हायड्रोमीटर: वरचं बरोबर, पण रोज अर्धवट चार्ज झाल्यानं प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं असेल. चार्ज होताना ते विरघळून ॲसिड परत दाट व्हायला पाहिजे, म्हणून सहाही सेलची घनता मोजा. फुल चार्जला १.२४० यायला हवी. सगळे सेल सारखेच खाली असतील तर लाईनवर दोन-तीन दिवस १०-१२ तास सावकाश चार्ज द्या, खोलीची खिडकी उघडी ठेवून, वर येतात. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० नं मागे राहिला तर तो गेला समजा.

पाणी डिस्टिल्डच, तेही फुल चार्ज झाल्यावर. बोअरचं तर अजिबात नको.

दारव्हा_कापूस: अन् लिथियम?

वायरमन_वऱ्हाड: १०० एएचची लिथियम १२८० वॅट-तासांची, त्यातले हजार वापरता येतात. तुमच्या लेडमधून अर्धेच, ९०० काढावे. पण याच कंट्रोलरवर लावली तर तिलाही रोज तेच ४५ एएच मिळणार, पैसे पाण्यात. शिवाय टिनाखाली मे महिन्यात सेल फार तापले की तिचं बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) चार्जिंगच तोडते.

हायड्रोमीटर: लेडलाही उन्हाळा सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला चार्जिंग व्होल्टेज १८ मिलिव्होल्टनं कमी लागते. ४५ अंशांत १४.४ ऐवजी १४ च्या जरा वर. टेंपरेचर सेन्सरवाला एमपीपीटी मागा अन् सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, भिंतीला नाही.